नऊ लिटर पाणी आणि मायबाख

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता चंद्रपूर–नागपूर रस्त्याने जाऊन बघा. (खरं तर जाऊ नका. पण जावंच लागलं तर खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा विसरू नका.) भद्रावतीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कडेला बॉनेट वर करून उभी असलेली एखादी म्हातारी गाडी हमखास दिसेल. समोरून वाफ निघतेय, मालक पाण्याची बाटली घेऊन लांब उभा आहे आणि घरची मंडळी बाभळीच्या पाव सावलीत बसली आहेत. गाडी उकळली, असं आपण म्हणतो आणि पुढे निघून जातो.

पण बाकीच्या हजारो गाड्या उकळत नाहीत, हे आपल्या लक्षातच येत नाही. बाहेर ४६ अंश असताना इंजिनच्या आत दर मिनिटाला हजारो स्फोट होतात, तरी तुम्ही आरामात गाणी ऐकत वरोऱ्याला पोचता. त्याचं श्रेय गाडीच्या तोंडाशी बसलेल्या एका जाळीला जातं, आणि त्या जाळीमागे एक माणूस आहे. त्याचं आडनाव तुम्ही रील्समध्ये शंभरदा ऐकलंय. रॅपवाले ज्या गाडीचं नाव घेतात, नट-उद्योगपती जिच्यातून उतरतात, ती ‘मेबॅक’. जर्मन उच्चार मायबाख. आज ही करोडोंची गाडी म्हणून ओळखली जाते. ज्याचं हे नाव, तो विल्हेल्म मायबाख मात्र अनाथाश्रमात वाढलेला पोरगा होता.

जन्म ९ फेब्रुवारी १८४६, जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी. वडील सुतार. घरात पाच भाऊ. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना आई गेली आणि दहाव्या वर्षी वडीलही गेले. नातेवाइकांनी मुलांसाठी चक्क पेपरात जाहिरात दिली, की या पोरांना कुणी सांभाळेल का म्हणून. ती वाचून रॉइटलिंगेन गावात गुस्ताव्ह व्हेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने चालवलेल्या ‘ब्रुडरहाउस’ या संस्थेने विल्हेल्मला ठेवून घेतलं. नुसतं जेवायला घालून सोडून देणारी ही संस्था नव्हती. तिथे कारखाना होता, यंत्रशाळा होती, मुलांना हाताला काम शिकवत. पोराचा हात चित्रकलेत, म्हणजे यंत्रांचे आराखडे काढण्यात चांगला आहे, हे व्हेर्नरच्या लक्षात आलं. पंधराव्या वर्षी तो ड्राफ्ट्समनचं शिक्षण घेऊ लागला. दिवसा कामं, संध्याकाळी गावातल्या शाळेत गणिताचे जादा तास. आपल्याकडे आयटीआय करता करता मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरणारे दोस्त असतात ना, तसंच काहीसं.

१८६३ च्या अखेरीस ब्रुडरहाउसच्या यंत्रशाळेवर एक नवा प्रमुख आला, गॉटलीब डाइमलर. वय २९. मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याने या शांत मुलातली चुणूक ओळखली, आणि इथून जी जोडी जमली ती डाइमलरच्या मृत्यूपर्यंत सुटली नाही. डाइमलर १८६९ मध्ये कार्ल्सरूहला गेला, मागोमाग मायबाख गेला. डाइमलर १८७२ मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झ कारखान्यात गेला, तर मायबाख तिथे मुख्य डिझायनर झाला. डॉइट्झ म्हणजे निकोलाउस ऑटोचा कारखाना. ज्याच्या नावाने आपण अकरावी-बारावीत ‘ऑटो सायकल’ पाठ केली, तोच हा. ऑटोचं चार-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये तयार झालं. ते बाजारात विकता येईल अशा रूपात आणायचं काम मायबाखकडे होतं.

या जोडीत बोलणारा, भांडणारा, पैसा उभा करणारा डाइमलर. कागदावर रेघा मारणारा मायबाख. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक प्रेझेंटेशन देणारा असतो आणि एक रात्रभर जागून काम करणारा. सर्टिफिकेटवर नाव कुणाचं आधी येतं ते तुम्हाला माहीत आहे.

ऑटोशी बिनसलं आणि १८८२ मध्ये डाइमलरने डॉइट्झ सोडलं. मायबाखनेही नोकरी सोडली. तेव्हा त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, घरात तीन वर्षांचं लेकरू होतं. पक्की नोकरी सोडून कुणाच्या तरी स्वप्नामागे जाणं तेव्हाही सोपं नव्हतं. दोघांनी स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट गावात, डाइमलरच्या बंगल्यातल्या बागेतल्या काचघरात कार्यशाळा थाटली. दारं-खिडक्या बंद ठेवून रात्री-बेरात्री ठोकाठोक चालायची. बागेच्या माळ्याला संशय आला, की हे लोक आत खोट्या नोटा-नाणी पाडतायत! त्याने पोलिसांना कळवलं. पोलीस रात्री गुपचूप आत शिरले, तर आत फक्त हत्यारं आणि इंजिनचे भाग.

त्या काचघरातून निघालेलं इंजिन लहान, हलकं आणि त्या काळाच्या मानाने फार वेगवान होतं. १८८५ मध्ये त्यांनी ते लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवलं. ताकद जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. जगातली पहिली मोटरसायकल म्हणून हिचंच नाव घेतात. १८८६ मध्ये तसंच इंजिन घोडागाडीत बसवलं, फक्त घोडे काढून.

आता मुद्द्याची अडचण. अर्धा हॉर्सपॉवरच्या इंजिनला वाऱ्यावर थंड ठेवता येतं. ताकद वाढवली की उष्णता वाढते, आणि ती नुसत्या वाऱ्याला झेपत नाही. इंधन जळून जी ऊर्जा मिळते तिचा बराच मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश धुराड्यातून जाते, एक तृतीयांशाच्या आसपास सिलिंडरच्या भिंतींमधून पाण्यात उतरते, उरलेली कामी येते. जेवढ्या ताकदीने गाडी पळते, साधारण तेवढीच उष्णता पाण्यातून बाहेर फेकावी लागते. ती फेकली नाही तर तेल जळतं, पिस्टन फुगतो आणि इंजिन जाम. आपले मिस्त्री त्याला ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात आणि मग बिल सांगतात.

त्याच सुमारास तिकडे मानहाइमला कार्ल बेंझ स्वतंत्रपणे मोटारगाडी बनवत होता. त्याचा उपाय सोपा होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि ते उकळून उडू द्यायचं. उडालं की पुन्हा ओतायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गाडी चालवत गेली. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे थांबून पाणी भरावं लागत होतं. म्हणजे भद्रावतीच्या रस्त्यावर बाटली घेऊन उभा असलेला आपला माणूस फार मोठ्या परंपरेत उभा आहे!

मायबाखने वेगळी वाट धरली. पाणी उडू द्यायचं नाही, तेच पाणी फिरवून थंड करायचं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या त्यांच्या गाडीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता, आणि इंजिनचं गरम पाणी त्या नळ्यांमधूनच फिरायचं. सांगाड्याला वारा लागला की पाणी थंड. एकाच नळीची दोन कामं. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कामात ही कल्पना सगळ्यात देखणी आहे, जरी ती फार काळ टिकली नाही.

मग धंद्याचं राजकारण सुरू झालं. पैशासाठी डाइमलरला भागीदार घ्यावे लागले आणि नोव्हेंबर १८९० मध्ये डाइमलर मोटोरेन गेझेलशाफ्ट ही कंपनी उभी राहिली. नव्या भांडवलदारांनी मायबाखला देऊ केलेल्या अटी इतक्या अपमानास्पद होत्या, की फेब्रुवारी १८९१ मध्ये तो बाहेर पडला. पण त्याने काम थांबवलं नाही. डाइमलरच्या पैशावर कानश्टाटमधल्या हेर्मान नावाच्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये त्याने कार्यशाळा मांडली. तिथेच १८९३ मध्ये त्याने पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला. तुमच्या बाबांच्या जुन्या स्कूटरमध्ये जो कार्ब्युरेटर सारखा साफ करावा लागायचा, त्याचा हा थेट पूर्वज. कंपनीला कळून चुकलं की या माणसाशिवाय चालत नाही. १८९५ मध्ये इंग्रज व्यावसायिक फ्रेडरिक सिम्सने कंपनीत पैसे घालायची तयारी दाखवली, पण डाइमलर परत आला पाहिजे ही अट घातली. डाइमलर आला, सोबत मायबाखही, तांत्रिक प्रमुख म्हणून.

१८९७ मध्ये त्याने नळ्यांचा रेडिएटर आणला. पाण्याच्या टाकीतून आरपार जाणाऱ्या बारीक नळ्या, त्यातून वारा वाहतो आणि भोवतीचं पाणी निवतं. यानेही गाड्या बऱ्यापैकी थंड राहू लागल्या. पण ताकदीची भूक वाढतच होती, आणि ही भूक वाढवणारा माणूस होता एमिल येलिनेक.

येलिनेक फ्रान्समधल्या नीस शहरात राहणारा श्रीमंत व्यापारी. त्याला वेगाचं वेड. डाइमलरच्या गाड्या घ्यायचा, श्रीमंत मित्रांना विकायचा आणि शर्यतीत उतरवायचा. शर्यतीत तो आपल्या लाडक्या लेकीचं नाव टोपणनाव म्हणून लावायचा : मर्सिडीज. कंपनीला त्याची पत्रं यायची, सगळ्यांत एकच मागणी. अजून ताकद, अजून वेग.

मार्च १९०० हा महिना वाईट होता. सहा तारखेला गॉटलीब डाइमलर वारला. त्याच महिन्याच्या शेवटी नीसजवळच्या ला तुर्बी घाटाच्या शर्यतीत कंपनीचा चालक विल्हेल्म बाउअर गाडीसह कड्यावर आदळला आणि जिवाला मुकला. ती गाडी उंच, आखूड आणि पुढून जड होती. वळणावर असली गाडी आवरणं कठीणच. कंपनीला शर्यतींतून अंग काढून घ्यायचं होतं. येलिनेकचं म्हणणं उलट होतं. गाडीच नव्याने बनवा. लांब, बुटकी, हलकी आणि जास्त ताकदीची. त्याने ३६ गाड्यांची ऑर्डर दिली, साडेपाच लाख मार्कांची, आणि अट घातली की गाडीला त्याच्या लेकीचं नाव द्यायचं.

आता मायबाख एकटा होता. पाठीशी उभा राहणारा डाइमलर नव्हता, समोर कोरा कागद आणि काही महिन्यांची मुदत. इंजिन ३५ हॉर्सपॉवरचं, जवळपास सहा लिटरचं.

इथे जरा आकडेमोड करू या. मी मास कॉमची, त्यामुळे फार खोलात जाणार नाही, पण हे गणित अकरावीच्या फिजिक्सचंच आहे. ३५ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे २६ किलोवॉट. तेवढीच उष्णता पाण्यात उतरते असं धरा. गाडीत पाणी फक्त ९ लिटर आहे आणि रेडिएटर नाही असं समजा. पूर्ण ताकदीने इंजिन चालवलं, तर २० अंशाचं ते पाणी जेमतेम दोन मिनिटांत उकळायला लागेल. आणि बेंझच्या पद्धतीने उडू दिलं तर पुढच्या तेरा-चौदा मिनिटांत टाकी कोरडी. तासाला चाळीस लिटरच्या वर पाणी लागेल. गाडी कमी, टँकर जास्त!

आणि मायबाखने त्या गाडीत पाणी ठेवलं ते नऊच लिटर. आधीच्या मानाने निम्मं.

हे त्याने ज्या वस्तूच्या जोरावर केलं, तिला मधमाशीच्या पोळ्याचं नाव मिळालं, हनीकोंब रेडिएटर. गोल नळ्यांऐवजी चौकोनी नळ्या, बाजू फक्त ६ मिलिमीटर. अशा ८,०७० नळ्या एकमेकींना खेटून, बारीक फट ठेवून झाळलेल्या. नळ्यांच्या आतून वारा, फटींमधून पाण्याचा पातळ पडदा. चौकोन का, तर गोल नळ्या रचल्या की मध्ये वेड्यावाकड्या मोकळ्या जागा राहतात आणि त्यात उगाच पाणी साठतं. चौकोन शेजारी-शेजारी बसवले की फट सगळीकडे सारखी.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, आपल्या घरी कूलर आहे. पत्र्याच्या पेटीला नुसतं एक मोठं भोक ठेवून पंखा लावला तर गार हवा येते का? नाही. ताट्या लागतात, कारण त्या काड्यांच्या गुंत्यात ओल्या पृष्ठभागाचा पसारा प्रचंड असतो. कूलरमध्ये पाणी उडून हवा गार होते, इथे हवा पाण्याला गार करते. फरक एवढाच, सूत्र तेच : जागा तेवढीच, पण पृष्ठभाग जास्तीत जास्त. मायबाखच्या ८,०७० भोकांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर भरतं सुमारे ०.२९ चौरस मीटर. तेवढंच एक सलग चौकोनी भोक असतं तर त्याची कड सव्वादोन मीटरही भरली नसती. पण या बारीक भोकांच्या कडा एकापुढे एक मांडल्या तर १९३ मीटरच्या वर जातात. वाऱ्याला पाण्याच्या भिंतीला शिवायला जवळपास नव्वद पट जास्त जागा! वर रेडिएटरच्या मागे एक पंखा. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो, रांगत असेल तर पंखा ओढतो. ताडोबात वाघाच्या मागावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी जिप्सी बघा. समोरून वारा जवळजवळ नाही, सगळी भिस्त पंख्यावर. फॅन बेल्ट तुटला तर वाघ राहिला बाजूला, आधी गाडी उकळते.

पहिली गाडी डिसेंबर १९०० मध्ये तयार झाली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतीच्या आठवड्यात ती उतरली आणि तिने बाकीच्यांना मागे टाकलं. त्याच नीसमध्ये, बाउअर गेल्याला नुकतं वर्ष होत होतं. फ्रेंच लोक मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणू लागले. बुटका बांधा, पुढे इंजिन, त्याच्यासमोर रेडिएटर, ही मांडणी इतकी पक्की बसली की मोटार म्हणजे अशीच असते असं पुढची कित्येक दशकं जगाने धरून चाललं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनीही त्याच घराण्यातली. पुढे रेडिएटर, मागे पंखा, मग इंजिन.

पद्मिनीचा विषय निघालाच आहे, तर एक काम तुम्हीच करून बघा. आजोबांची जुनी पद्मिनी, अँबेसेडर किंवा काकांची जीप घरी उभी असेल, तर तिचं ‘कूलिंग’ किती दमाचं आहे ते मोजता येतं. डॅशबोर्डवरचा काटा पुरेसा नाही, जुन्या गाड्यांचे काटे मनाचे राजे असतात. औद्योगिक वापराची इन्फ्रारेड थर्मामीटर गन मिळते. (कोविडमध्ये कपाळाला लावायचे ती चालणार नाही, ती ताप मोजते, शंभर अंश नाही.) रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा, कारण चकचकीत पितळेवर ही गन खोटं बोलते. गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं चढावर किंवा भरलेली असताना चालवा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला पाहिजे, नाहीतर आकडा रेडिएटरचा न येता थर्मोस्टॅटचा येतो. मग इंजिन चालू ठेवून, हात आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवून, तीन आकडे लिहा. वरची टाकी, खालची टाकी आणि सावलीतली हवा.

वर-खालचा फरक म्हणजे रेडिएटरने त्या फेरीत पाण्यातून काढलेली उष्णता. सहा ते बारा अंश असेल तर सर्वसाधारणपणे ठीक. फरक फार मोठा आला तर पाणी हळू फिरतंय, म्हणजे वॉटर पंप किंवा आतल्या नळ्या तुंबलेल्या. फरक अगदीच कमी आणि तरी इंजिन तापतंय, तर रेडिएटर उष्णता फेकतच नाहीये. बाहेरच्या फिनमध्ये माती, किडे आणि आपल्याकडे हमखास कोळशाची धूळ बसलेली असते.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. समजा जानेवारीत हवा ३० अंश आहे आणि वरच्या टाकीचं पाणी ८५ अंशांवर स्थिर झालं. म्हणजे हवेपेक्षा ५५ जास्त. तशीच गाडी, तसाच भार असेल तर हा ५५ चा फरक साधारण तसाच राहतो, हवा कितीही तापो. आता १०० मधून ५५ वजा करा. आलं ४५. म्हणजे साध्या पाण्यावर, सैल झाकणाने ही गाडी ४५ अंशांच्या हवेत उकळणार. पुण्यात तिचं आयुष्य सुखात जाईल. भद्रावतीत ती नवतपा काढू शकणार नाही. गाड्या बनवणारे इंजिनीअरही हाच आकडा काढतात. आपल्याला तो वहीच्या मागच्या पानावर निघतो, आणि जानेवारीतच निघतो, मे महिन्यात रस्त्यावर नाही. झाकण दाब धरणारं असेल तर पाणी १०० च्या पुढे उकळतं आणि तेवढी सवलत मिळते. म्हणून झाकणाचं रबर तपासा. आणि तापलेल्या गाडीचं झाकण कधी, कधीही उघडू नका. चेहरा भाजलेले लोक गॅरेजवाल्यांनी बघितलेत.

पुन्हा मायबाखकडे. इतकं करून त्याला काय मिळालं? गाडीवर नाव येलिनेकच्या लेकीचं. कंपनीवर नाव डाइमलरचं. १९०३ नंतर संचालकांनी त्याला हळूहळू बाजूला सारलं. मुख्य विभाग दुसऱ्यांकडे गेले, त्याला एक वेगळी खोली दिली, शोध लावत बसायला. ऑफिसमध्ये नको असलेल्या माणसाला ‘स्पेशल प्रोजेक्ट’ देतात तसं. १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्याने ती कंपनी सोडली. तीस वर्षांहून जास्त काळ डाइमलरसोबत काम केलेल्या माणसाने डाइमलरच्या नावाच्या कंपनीतून असं निघावं, हे वाचताना मला तरी राग आला.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९०८ ला एष्टरडिंगेन गावाजवळ काउंट झेपेलिनचं प्रचंड हवाई जहाज वादळात सुटून जळून गेलं. इंजिन दुरुस्तीसाठी ते खाली उतरवलं होतं. मायबाखने झेपेलिनला कळवलं, की हवाई जहाजासाठी भरवशाचं इंजिन आम्ही बनवू. ‘आम्ही’ म्हणजे तो आणि त्याचा मोठा मुलगा कार्ल. १९०९ मध्ये झेपेलिनच्या साथीने कंपनी निघाली, तांत्रिक सूत्रं कार्लकडे, म्हातारा सल्लागार. ज्या लेकराला तीन वर्षांचं घेऊन त्याने नोकरी सोडली होती, तोच हा कार्ल. आज गाडीवर जे नाव मिरवतं, ते खरं तर कार्लच्या कंपनीमुळे टिकलं. पहिल्या महायुद्धानंतर तिने स्वतःच्या आलिशान गाड्या काढल्या. नावाची मालकी पुढे फिरून डाइमलरच्याच कंपनीकडे गेली, आणि आता मर्सिडीज-मायबाखची जुळणी आपल्या चाकणमध्येही होते.

धाकटा मुलगा अडॉल्फ मनोरुग्ण होता, आयुष्य रुग्णालयांत गेलं. १९४० मध्ये, बापाच्या मागे अकरा वर्षांनी, नाझींनी अपंग आणि मनोरुग्णांना मारून टाकायची जी मोहीम चालवली तीत त्याचा जीव घेतला. विल्हेल्मवर लिहिलेल्या मजकुरात ही गोष्ट बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. मीही फार लिहू शकत नाही. पण गाळता येत नाही.

१९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने मायबाखला मानद डॉक्टरेट दिली. स्वतःचं शिक्षण अनाथाश्रमाची यंत्रशाळा आणि संध्याकाळचे गणिताचे तास. ऑगस्ट १९२९ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ या हवाई जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. लेकहर्स्टहून निघून तिथेच परत, २१ दिवसांत. त्यावर पाच मायबाख इंजिनं होती, बारा सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी. चार महिन्यांनी, २९ डिसेंबर १९२९ ला तो वारला. कानश्टाटच्या उफ दफनभूमीत त्याला पुरलं. डाइमलरची कबर त्याच दफनभूमीत आहे.